चुंबकाला अतिसंवाहक चिकटवला तर सांध्यावर काय घडतं?

निपाणी, चिकोडी किंवा गडहिंग्लज भागातल्या एखाद्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलं, तर कोपऱ्यात अरुंद मानेचा, पिंपासारखा एक कंटेनर दिसतो. झाकण काढलं की पांढरी वाफ जमिनीकडे ओघळते. आत द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्यात गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या रेतमात्रा बुडवून ठेवलेल्या असतात. तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस.

याच नायट्रोजनमध्ये यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांची भट्टीत भाजलेली एक काळी वडी टाकली, तर विजेला होणारा तिचा विरोध शून्य होतो. कमी नव्हे, शून्य. साध्या तारेतून वीज जाताना तार तापते, वीज वाया जाते. या वडीत तसलं काही होत नाही. एकदा वीज फिरायला लागली की फिरतच राहते. अशा पदार्थाला अतिसंवाहक म्हणतात.

आता दुसरी वडी घेऊ. हीदेखील काळीच, हीदेखील भट्टीतलीच, पण हिच्यात तांब्याच्या जागी मँगनीज आहे, सोबत लँथनम, कॅल्शियम आणि ऑक्सिजन. नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या खाणींतून 'मॉईल' जो मँगनीज काढते आणि जो एरवी पोलाद कारखान्यांत जातो, तोच हा धातू. ही वडी शून्य अंशाच्या थोडी खाली नेली की ती चुंबक बनते.

दोन्ही वड्या दिसायला बहिणी-बहिणी. आतली अणूंची मांडणीही जवळपास एकाच साच्यातली. स्वभाव मात्र एकमेकींच्या अगदी उलट. अतिसंवाहकाला चुंबकत्व खपत नाही आणि चुंबकाशेजारी अतिसंवाहकता टिकत नाही, हे भौतिकशास्त्रात अनेक दशकांपासून माहीत आहे. तरीही जर्मनी, स्पेन, फ्रान्स, अमेरिका आणि भारतातल्या प्रयोगशाळांनी या दोघींचे अणूला अणू चिकटवून थर रचले. हेतू एकच होता. दोन विरोधी स्वभावांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन नेमके कसे वागतात, ते पाहायचं.

जे दिसलं ते दोन्हींपैकी कुणाच्याही स्वभावात नव्हतं.

भांडण कशावरून?

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन एकेकटे फिरत नाहीत, जोडीनं फिरतात. १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी या जोडीच्या कल्पनेवर अतिसंवाहकतेचा सिद्धांत उभारला. मूळ कल्पना कूपर यांची, म्हणून तिला 'कूपर जोडी' म्हणतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनला 'स्पिन' नावाचा एक गुण असतो. इलेक्ट्रॉन म्हणजे एक अतिसूक्ष्म लोहचुंबक आणि स्पिन म्हणजे त्याचं टोक वर की खाली, इतकं समजलं तरी इथं पुरेसं आहे. नेहमीच्या कूपर जोडीत एकाचं टोक वर असतं, दुसऱ्याचं खाली.

फुगडी आठवावी. दोघी हात धरून एकमेकींच्या विरुद्ध दिशेला रेलतात, म्हणून तोल राहतो आणि गरका मिळतो. आता कुणी मध्येच हुकूम सोडला, की अंगणातल्या सगळ्यांनी फक्त उजवीकडे रेलायचं. फुगडी तिथंच सुटणार. चुंबक नेमका हाच हुकूम सोडतो. त्याच्या आत सगळ्या इलेक्ट्रॉनांची टोकं एका दिशेला लावलेली असतात आणि बाहेरून आलेल्या जोडीवरही तो तीच सक्ती करतो. जोडी फुटते, अतिसंवाहकता संपते. रशियन शास्त्रज्ञ विताली गिन्झबर्ग यांनी १९५६ मध्येच या वैराचा हिशेब मांडला होता. त्यांना पुढं २००३ साली नोबेल मिळालं, अतिसंवाहकतेवरच्याच कामासाठी.

मँगनीजच्या या ऑक्साइडमध्ये तर सक्ती अधिकच कडक. लोखंडासारख्या चुंबकात बहुसंख्य इलेक्ट्रॉन एका बाजूला असले तरी विरुद्ध टोकाचे थोडेफार इलेक्ट्रॉन वीज वाहण्यात सामील असतात. इथं ते जवळजवळ नसतातच. वीज वाहणारे बहुतेक सगळे इलेक्ट्रॉन एकाच दिशेचे. त्यामुळे गणित असं सांगत होतं, की तांब्याच्या ऑक्साइडमधली जोडी मँगनीजच्या बाजूला शिरली, तर एखाद्या नॅनोमीटरच्या आतच तिचा निकाल लागायला हवा. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, यावरून हे अंतर किती क्षुल्लक ते ध्यानात येईल.

मग हेच दोन पदार्थ का निवडले?

कारण ते एकमेकांवर बसतात. गवंडी विटेवर वीट रचताना दोन्ही विटांचं माप एक असलं तर भिंत सरळ उभी राहते. तांब्याच्या ऑक्साइडच्या आडव्या मांडणीत अणूंमधलं अंतर ०.३८ ते ०.३९ नॅनोमीटर आहे आणि मँगनीजच्या ऑक्साइडमध्येही ते साधारण ०.३९ नॅनोमीटर. दोन्हींमध्ये धातूच्या अणूभोवती ऑक्सिजनचे अणू एकाच कुळातल्या साच्यानं बसलेले. त्यामुळे एकाचा थर संपून दुसऱ्याचा सुरू होताना खड्डे-भेगा पडत नाहीत. सांधा इतका स्वच्छ मिळतो, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अणूंच्या ओळी या बाजूकडून त्या बाजूला सलग गेलेल्या दिसतात.

या दोन्ही पदार्थांचा इतिहास मात्र वेगवेगळा. मँगनीजवाला जुना. नेदरलँड्समधल्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५० साली त्याच्या चुंबकत्वाचा पहिला अभ्यास झाला, मग तो बरीच वर्षं अडगळीत पडला. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दिसलं, की चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर त्याच्या पातळ थराचा विद्युतरोध प्रचंड घसरतो. मग पुन्हा सगळे त्याच्या मागं लागले. तांबेवाला तसा तरुण. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अतिसंवाहकता शोधली. त्याआधी अतिसंवाहकता म्हटलं की धातू आणि मिश्रधातू, आणि तेही अतिशय महागड्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेले. १९८७ च्या सुरुवातीला यिट्रियमवाला प्रकार सापडला आणि तो उणे १८० अंशांच्या आसपासच अतिसंवाहक होतो, हे कळलं. म्हणजे गोठ्यापर्यंत पोचणारा स्वस्त नायट्रोजन त्याला पुरतो. बेडनोर्झ-म्युलर यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. शोध आणि नोबेल यांत इतकं कमी अंतर क्वचितच पडलं आहे.

थर रचण्याची रीतही १९८७ मधलीच. अमेरिकेत न्यू जर्सी इथल्या बेलकोर प्रयोगशाळेत टी. वेंकटेसन यांच्या गटानं लेझरचा झोत यिट्रियमवाल्या वडीवर मारून तिची वाफ उडवली आणि समोर तापवून ठेवलेल्या तळपट्टीवर ती बसवली. झोताच्या प्रत्येक ठोक्याला थोडा थोडा थर चढतो. वडी बदलली की थर बदलतो. ऐकायला रंगाच्या फवाऱ्यासारखं सोपं वाटतं, पण तळपट्टीचं तापमान, भोवतीच्या ऑक्सिजनचा दाब, लेझरची ताकद यांतलं एक जरी इकडचं तिकडं झालं तरी थर बिघडतो. ऑक्सिजन जरा कमी पडला तर यिट्रियमवाला पदार्थ अतिसंवाहकच राहत नाही.

या क्षेत्राशी पुण्याचं नातं जुनं आहे. पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले सतीशचंद्र ओगले पुढं मेरीलँड विद्यापीठात वेंकटेसन यांच्यासोबत ऑक्साइडच्या थरांवर काम करत होते. नंतर ते पुण्यात परतले, आधी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि मग आयसरमध्ये. ऑक्साइडच्या पातळ थरांवर त्यांनी २००५ मध्ये संपादित केलेला इंग्रजी ग्रंथ या विषयात शिरणाऱ्यांच्या हाती असतो.

हिशेब जुळेना

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला माद्रिद आणि श्टुटगार्ट इथल्या गटांनी तांबेवाला आणि मँगनीजवाला असे थर आलटून पालटून, एकावर एक अनेकदा रचले. तेव्हाच घोटाळा लक्षात आला.

श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मंडळींनी २००४ मध्ये अशा थरांवर अवरक्त प्रकाश टाकून किती इलेक्ट्रॉन मोकळेपणानं फिरत आहेत ते मोजलं. तांब्याचा जाड थर असला तर सगळं ठीक. पण थर २० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ झाला, की मोकळे इलेक्ट्रॉन एकदम आटत. मँगनीजच्या बाजूलाही १० नॅनोमीटरच्या आसपास तेच. चांगले वीजवाहक असलेले दोन पदार्थ एकत्र आले आणि मिळून जवळपास विद्युतरोधक बनले.

शेजाऱ्याचा त्रास एखाद्या नॅनोमीटरपर्यंत पोचेल, अशी अपेक्षा होती. तो वीस नॅनोमीटर आत शिरला होता. रस्त्याच्या कडेला खोदकाम सुरू झालं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरी आटल्या, असाच हा प्रकार.

इथं त्या मंडळींनी एक शहाणपण केलं, आणि पूर्ण प्रकरणातली ही सगळ्यात साधी पण मोलाची गोष्ट आहे. त्यांनी मँगनीजच्या जागी निकेलचं ऑक्साइड घेतलं. मांडणी जवळपास तशीच, वीजवाहकही, पण चुंबक नव्हे. तेच थर पुन्हा रचले आणि मोजले. या वेळी इलेक्ट्रॉन आटले नाहीत. म्हणजे थर पातळ झाल्यामुळे किंवा रचताना खराब झाल्यामुळे हे होत नव्हतं. दोष चुंबक असलेल्या शेजाऱ्याकडेच होता. मँगनीजकडे एकतर विजेचा भार वाहून जात होता, नाहीतर दोन्हीकडच्या चुंबकीय ओढाताणीत इलेक्ट्रॉन अडकून पडत होते. दोन्ही शक्यता शास्त्रज्ञांनी खुल्या ठेवल्या.

आता सांध्यावर प्रत्यक्ष डोकावायला हवं होतं. अडचण अशी, की सांधा गाडलेला असतो. वर थर, खाली थर. आणि सांध्यावरचे अणू एकूण अणूंच्या मानानं मूठभर. बाकीच्यांच्या गलक्यात त्यांचा आवाज कसा ऐकायचा?

क्ष-किरणांनी घेतलेली हजेरी

उत्तर मिळालं शिकागोजवळच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत. तिथं १,१०४ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरवतात आणि वळणावर त्यांच्यातून अतिशय प्रखर क्ष-किरण बाहेर पडतात. या यंत्राला सिंक्रोट्रॉन म्हणतात. जाक चाखालियान, जॉन फ्रीलंड, बर्नहार्ड काइमर, हान्स-उलरिच हाबरमायर आणि सहकाऱ्यांनी श्टुटगार्टमध्ये बनवलेले थर तिथं नेले.

या किरणांचा फायदा असा, की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण गिळतं. मँगनीज साधारण ६४० इलेक्ट्रॉन-व्होल्टला, तांबं साधारण ९३० ला. किरणाची ऊर्जा ६४० वर लावली की फक्त मँगनीज 'हजर' म्हणतं, ९३० वर लावली की फक्त तांबं. वर्गात सगळी पोरं एकदम ओरडत असली तरी मास्तरांनी नाव घेतल्यावर एकच हात वर यावा, तसं.

दुसरी युक्ती चुंबकत्व पकडायची. किरण उजवीकडे पीळ घातलेला किंवा डावीकडे पीळ घातलेला असा दोन प्रकारे पाठवता येतो. अणू चुंबकीय असेल तर तो एका पिळाचा किरण जास्त गिळतो, दुसऱ्याचा कमी. चुंबकीय नसेल तर दोन्ही सारखेच. दोन्हींतला फरक काढला की त्या मूलद्रव्याचं चुंबकत्व किती आणि कोणत्या दिशेला, ते कळतं.

मँगनीज चुंबकीय निघणार हे ठरलेलंच होतं. धक्का दिला तांब्यानं. अतिसंवाहक थरातलं तांबं असं एका दिशेला चुंबकीय असायला नको होतं. पण सांध्याजवळच्या तांब्यात स्पष्ट चुंबकत्व सापडलं, आणि त्याची दिशा मँगनीजच्या बरोबर उलटी. मँगनीजचं टोक उत्तरेला तर तांब्याचं दक्षिणेला. हा शोधनिबंध २००६ मध्ये 'नेचर फिजिक्स'मध्ये आला.

त्याच वेळी न्यूट्रॉनच्या झोतानं केलेल्या मोजमापात आणखी एक गोष्ट दिसली. थर थंड करत करत अतिसंवाहक होण्याच्या तापमानाला आणले, की मँगनीजच्या थरातल्या चुंबकीय वस्त्यांची मांडणी बदलते. चुंबकात सगळीकडे एकच दिशा नसते. लहान लहान प्रदेश असतात आणि प्रत्येकाची आपापली दिशा. शेजारी अतिसंवाहकता सुरू होताच या प्रदेशांची फेरआखणी झाली. आजवर बोललं जायचं ते चुंबक अतिसंवाहकाला कसा त्रास देतो याबद्दल. इथं अतिसंवाहकानंही चुंबकाला आपलं घर पुन्हा मांडायला लावलं होतं.

तांबं चुंबकीय का झालं, याचं उत्तर पुढच्या वर्षी 'सायन्स'मध्ये आलं. ते जरा सावकाश पाहायला हवं, कारण खरी गोम तिथंच आहे.

तांब्याच्या अणूभोवती इलेक्ट्रॉन काही ठरावीक आकाराच्या जागांत राहतात. रसायनशास्त्रात त्यांना ऑर्बिटल किंवा कक्षक म्हणतात. अतिसंवाहक पदार्थात सगळी हालचाल एकाच कक्षकात चालते, आणि ते आडवं, पोळीसारखं पसरलेलं असतं. त्यामुळे वीज आडव्या थरातच सहज फिरते, वर-खाली फारशी जात नाही. तांब्याचं दुसरं एक कक्षक उभं असतं, वर-खाली टोकं काढलेलं. एरवी ते इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेलं असतं आणि भरलेल्या घरात काही हालचाल होत नाही. त्याच्याकडे कुणी लक्षच देत नव्हतं.

सांध्यावर हे उभं कक्षक जागं झालेलं आढळलं. ते पूर्ण भरलेलं राहिलं नव्हतं, त्यात जागा रिकामी झाली होती. आणि ते उभं असल्यामुळे त्याचं टोक थेट वरच्या मँगनीजकडे होतं, मध्ये फक्त एक ऑक्सिजन. तांबं, ऑक्सिजन आणि मँगनीज असा सरळ दुवा तयार झाला होता. दोन थर नुसते टेकलेले नव्हते, त्यांच्यात पक्का रासायनिक बंध जुळला होता. अशा बंधात ऑक्सिजनच्या मध्यस्थीनं दोन्हीकडच्या चुंबकांची तोंडं उलट दिशेला होऊ शकतात. तांबं मँगनीजच्या उलट का वळलं, त्याचा उलगडा असा झाला.

सोबत देवघेवही झाली होती. मँगनीजकडून तांब्याकडे सरासरी ०.२ इलेक्ट्रॉन गेला होता. इलेक्ट्रॉनचे तुकडे होत नसतात. सांध्यावरच्या दर पाच तांब्याच्या अणूंमागे एक इलेक्ट्रॉन, असं सरासरीत धरावं. आकडा फुटकळ वाटतो. पण तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अतिसंवाहकता सगळ्यात चांगली चालते ती दर अणूमागे सुमारे ०.१६ इलेक्ट्रॉनची तूट असली तर. हा धंदा मुळात तुटीवरच चालतो. तूट नसली की हा पदार्थ अतिसंवाहक तर सोडाच, साधा वीजवाहकही राहत नाही. आता या खात्यावर शेजाऱ्यानं ०.२ जमा केले, तर सांध्यालगतची तूट बरीचशी भरून निघते आणि धंदा बसतो. हिशेब इतका सरळ नाही, कारण जमा झालेली रक्कम दोन कक्षकांत वाटली जाते. पण दिशा हीच.

सांध्याचा आवाज बाकीच्या गलक्यातून वेगळा कसा काढला, तेही सांगायला हवं. क्ष-किरण गिळल्यावर अणूतून इलेक्ट्रॉनही बाहेर पडतात आणि प्रकाशही. इलेक्ट्रॉनांना काही नॅनोमीटरपलीकडून बाहेर येता येत नाही, ते वाटेतच अडकतात. प्रकाश मात्र खोलवरूनही येतो. वरचा थर पुरेसा पातळ ठेवून दोन्ही एकाच वेळी मोजले आणि तुलना केली, तर सांध्याजवळचे अणू एकीकडे आणि खोलवरचे दुसरीकडे, असे वेगळे करता येतात. महागडं यंत्र सगळ्यांना दिसतं, पण निकाल लागला तो या साध्या वजाबाकीवर.

सीमाभागातल्या वाचकाला एक गोष्ट वेगळी सांगायला नको. नकाशावरची रेघ बारीक असते, पण तिच्या दोन्ही अंगांना बोलीचा, बाजाराचा, सोयरिकीचा एक रुंद पट्टा असतो आणि तो ना धड इकडचा असतो ना तिकडचा. या ऑक्साइडांच्या सांध्याचंही तसंच. मात्र उपमा इथंच सोडलेली बरी. अणूंना ठराव करावे लागत नाहीत आणि तारखाही पडत नाहीत.

इंदूरचं यंत्र

अशा मोजमापांसाठी अमेरिकेलाच जावं लागतं असं नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-१' आणि 'इंडस-२' ही दोन सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत. इंडस-२ चा परीघ १७२.५ मीटर, म्हणजे शिकागोच्या मानानं लहान, पण काम त्याच जातीचं. तिथली मऊ क्ष-किरणांची एक वाहिनी इंदूरचीच यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संस्था चालवते. तांबं, मँगनीज आणि ऑक्सिजन यांची नावानिशी हजेरी घेता येते ती अशाच किरणांत. देशभरातल्या विद्यापीठांतले संशोधक प्रस्ताव पाठवून, वेळ मिळवून तिथं आपले थर तपासून नेतात. इंदूरकर मराठी घरांतली भौतिकशास्त्र शिकणारी मुलं या यंत्रापासून काही किलोमीटरांवर राहतात, आणि बऱ्याच घरांत ते माहीत नसतं.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली आणि हा आकडा चढतो आहे. त्यातली बरीच वीज शेवटी उष्णता होऊन जाते, मग ती उष्णता घालवायला आणखी वीज. अतिसंवाहक तारांवर चालणारा संगणक ही वीज कितीतरी वाचवू शकतो. आकडेमोड करणारी अशी मंडलं बनवताही येतात. अडतं ते स्मरणशक्तीपाशी. वीज गेली तरी लक्षात ठेवायचं काम चुंबक उत्तम करतो, हार्ड डिस्कमध्ये तोच तर असतो. पण चुंबक जवळ आला की अतिसंवाहकता बिघडते. म्हणून या दोघांचं सांध्यावर जमवता येतं का, हा प्रश्न नुसता कुतूहलाचा राहत नाही.

पहिली आशा माद्रिदहून आली. २००५ मध्ये तिथल्या गटानं दोन मँगनीजच्या थरांमध्ये तांब्याचा एक थर ठेवला. वरच्या-खालच्या चुंबकांची दिशा एक असली तर विद्युतरोध एक, उलट असली तर दुसरा, आणि दोन्हींतला फरक १,००० टक्क्यांहून अधिक. तापमान वाढवून अतिसंवाहकता घालवली की हा फरकही गायब. चुंबकाची दिशा म्हणजे एक आणि शून्य, आणि ते वाचायला अतिसंवाहक. कागदावर तरी स्मृतीचा घटक तयार झाला.

दुसरी वाट जोडीतूनच निघाली. फुगडी सुटते कारण दोघी उलट रेललेल्या असतात. पण दोघी एकाच बाजूला रेलूनही हात न सोडणारी जोडी असली तर? चुंबकाला तिच्याबद्दल तक्रार राहणार नाही. बर्जेरेट, वोल्कोव आणि एफेटोव या तिघांनी २००१ मध्ये दाखवलं, की सांध्यावर चुंबकाची दिशा एकसारखी नसून वळत गेलेली असेल, तर नेहमीच्या जोडीतून अशी समदिश जोडी तयार होऊ शकते. पाच वर्षांनी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटानं क्रोमियम डायऑक्साइड या चुंबकातून शेकडो नॅनोमीटरपर्यंत अतिसंवाहक प्रवाह नेऊन दाखवला. कॅसेटच्या जमान्यात 'क्रोम' लिहिलेली जरा महागडी कॅसेट मिळायची, ती आठवत असेल. तिच्या फितीवरचा मुलामा याच पदार्थाचा.

पण त्या प्रयोगाला हेलियमची थंडी लागत होती. तांबेवाल्या ऑक्साइडनं तीच गोष्ट जास्त तापमानाला जमवली. २०१२ मध्ये माद्रिद आणि पॅरिसच्या गटांना मँगनीजच्या ३० नॅनोमीटर जाड थरातून अशा जोड्या आरपार जात असल्याच्या खुणा सापडल्या. २०२२ मध्ये त्यांनीच कॅल्शियमऐवजी स्ट्रॉन्शियम असलेलं मँगनीजचं ऑक्साइड घेतलं, दोन तांबेवाल्या अतिसंवाहकांमध्ये त्याचा एक मायक्रोमीटरचा, म्हणजे १,००० नॅनोमीटरचा, टप्पा ठेवला आणि त्यातूनही प्रवाह पलीकडे पोचला. तापमान उणे २७३ च्या तळापासून काही दशांश अंश नव्हे, तर काही दशक अंश वर. ज्या चुंबकात जोडी एखाद्या नॅनोमीटरच्या आत मरणार होती, तिथं ती हजारपट लांब चालून गेली.

अर्थात अशा बातम्यांचा मोह आवरलेला बरा. जुलै २०२३ मध्ये कोरियातून 'एलके-९९' नावाच्या पदार्थाची बातमी आली, खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक सापडल्याची. व्हॉट्सॲपवर आठवडाभर तिचीच चर्चा होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला आणि त्यात अतिसंवाहकता सापडली नाही. तांबं-मँगनीजच्या सांध्याचं काम त्या जातीचं नाही. ते वीसेक वर्षं अनेक देशांत, अनेक पद्धतींनी तपासलं गेलं आहे. पण त्यातून बाजारात विकता येईल अशी एकही वस्तू अजून निघालेली नाही, हेही तितकंच खरं.

अडचणी दोन आहेत. सांध्यावर समदिश जोड्या नेमक्या किती बनाव्यात, हे ठरवणारी चुंबकाची वळणदार मांडणी अजून हुकमी करता येत नाही. ती बरीचशी थर रचताना आपोआप घडते. आणि तांब्याच्या खात्यावर जमा होणारे ते ०.२ इलेक्ट्रॉन अडवायचे की वापरून घ्यायचे, यावर प्रयोगशाळांत दोन तट आहेत. काही जण मध्ये एखाद-दोन अणूंचा तिसराच थर घालून देवघेव बंद करू पाहतात. बाकीचे म्हणतात, की बंध तुटला तर जोडीच पलीकडे जाणार नाही.